दोन अंगठे आणि एक गोगलगाय

खांद्यात अर्ध्या इंचाचा फरक पडला, तेव्हाच रेश्मा बुगडला कळलं होतं. शाळेच्या तपासणीत सापडायच्या दोन वर्षं आधी, आणि ज्या पोरीचा तो खांदा होता त्या स्वरूला आरशात दिसायच्याही आधी.

कळणारच की! रेश्मा कपडे शिवणारी बाई होती, आणि साधीसुधी नव्हे. सन २०४१ उजाडेपर्यंत इचलकरंजीतसुद्धा कपडे शिवून घेणं जवळजवळ संपलं होतं. मोबाइलसमोर एक गिरकी घ्यायची, अंगाचं माप आपोआप कारखान्यात जायचं आणि संध्याकाळी ड्रेस दारात. पण त्या कारखान्याच्या यंत्राला सरळसोट माणूस लागायचा. ज्याचं अंग जरा वेगळं, त्याचा ड्रेस कुठं ओढायचा, कुठं फुगायचा. असली सगळी माणसं रेश्माच्या दुकानाची पायरी चढायची. मागावर उभं राहून पाठीला पोक आलेले म्हातारे, ऑपरेशनात एक छाती गेलेल्या बाया, अपघातात हात आखडलेला एक तलाठी. रेश्मा टेप गळ्यातच ठेवून माणसाला एकदा नखशिखान्त बघायची आणि म्हणायची, "डावीकडं पाऊण इंच सोडतो. कुणाच्या बापाला कळायचं नाही." (आमच्याकडं बायकाही 'करतो-सोडतो'च म्हणतात. पुण्याच्या मंडळींनी कपाळाला आठ्या घालू नयेत.)

तर अशा बाईनं अकरा वर्षांच्या लेकीला शाळेच्या ड्रेससाठी समोर उभं केलं, आणि उजवा खांदा वर दिसला. वाकायला सांगितलं, तर पाठीची उजवी बाजू जराशी उचललेली. दुसरी आई असती तर त्याच दिवशी दवाखाना गाठती. रेश्मानं काय केलं? डाव्या खांद्यात अर्ध्या इंचाचं पॅड घातलं. ड्रेस असा झकास बसला की बघत राहावं. पुढच्या वर्षी पॅड पाऊण इंचाचं झालं, कमरेला एका बाजूनं चुण्या आल्या. वाढतं अंग आहे, होईल सरळ आपोआप, असं ती स्वतःला सांगत राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि झाकण्याच्या कामात तर तिचा हात कुणी धरला नसता.

मग शाळेत तपासणीचा कॅमेरा आला. पोरी पातळ टी-शर्टवर त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. स्वरांजली प्रमोद बुगड या नावापुढं लाल फुली पडली. मिरजेला एक्सरे काढला, तेव्हा कण्याचा बाक अठ्ठावन्न अंशांचा निघाला.

मिरजेच्या डॉ. अरुंधती कित्तूर साठीच्या. आवाज खणखणीत, केस पांढरेशुभ्र, आणि समोरच्याला समजेपर्यंत सांगायची खोड. त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला.

"घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

प्रमोद ऑटोलूमचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या मागांचा, फिटर. दहा पावलांवरून मशीनचा कुठला नट सैल आहे ते सांगणारा माणूस. त्यानं बायकोकडं बघितलं. "हिची नजर तर लई बारीक आहे, डॉक्टर."

"नाही आलं," रेश्मा म्हणाली.

"असू दे. पुष्कळांच्या येत नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी सापडलं असतं तर कदाचित पट्टा बांधून भागलं असतं. आता मात्र ऑपरेशनच."

 पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून रेश्मानं डोळे पुसले.

डॉक्टरांनी कण्याचं प्लास्टिकचं मॉडेल पुढं ओढलं. "पूर्वी आम्ही काय करायचो, ऐका. पोरीला पालथं निजवायचं, मणक्यांमध्ये स्क्रू बसवायचे, त्यांतून दोन सळ्या घालायच्या आणि एका दुपारात कणा सरळ करून टाकायचा. मणक्यांवर हाडाचा चुरा पसरायचा, म्हणजे सगळं मिळून एक अखंड हाड होतं. छान व्हायचं. शंभरातल्या नव्व्याण्णव मुली आपल्या पायांनी घरी जायच्या."

"आणि शंभरावी?" हे स्वरूनंच विचारलं.

"शंभरावीचं नाव मला अजून पाठ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कण्याच्या आत मज्जारज्जू असतो. मेंदूचा निरोप पायाला नेणारी दोरी समजा. वाकड्या कण्यात वाढताना तीही त्या वळणाला सरावते. कणा एकदम सरळ केला की ती ताणली जाते, तिला रक्त देणाऱ्या केसाएवढ्या नळ्या आवळतात. बहुतेकदा दोरी सोसते. कधीतरी सोसत नाही. जुन्या काळी आम्ही ऑपरेशनच्या मध्येच भूल उतरवायचो आणि कानात सांगायचो, 'पाय हलव, बाळ.' तो पाय हलेपर्यंत आमच्या जिवात जीव नसायचा."

"आता?"

"आता आमच्याकडं गोगलगाय आहे."

तिचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या पोरींनी तिला गोगलगाय म्हणायला सुरुवात केली आणि तेच रुळलं. ती सळीच होती, पण सळीच्या पोटात बारीक दातेरी चक्रं. पाठीवर बाहेरून एक पट्टा बांधायचा. पट्ट्यातलं चुंबक फिरलं की आतली चक्रं फिरायची आणि कणा दिवसाला फार तर पाऊण अंश सरळ व्हायचा. मज्जारज्जूला सरावायला सवड मिळायची. शिवाय सळीला कान होते. रोज पहाटे ती मज्जारज्जूत विजेचा हलकासा ठोका सोडायची आणि तो तळपायापर्यंत पोचायला किती वेळ लागला ते मोजायची. उशीर झाला तर सळी पुढं सरकायचीच नाही.

"पण ती फक्त झोपलेल्या पायाचं ऐकते," डॉक्टर म्हणाल्या. "दिवसभर चालून-बसून दमलेल्या पायाला काय होतं ते तिला कळत नाही. म्हणून ती रोज विचारेल, स्वरांजली. काल पायाला मुंग्या आल्या का? बधिर झाला का? जड वाटला का? तू खरं सांगायचं. यंत्राची अर्धी अक्कल सळीत आहे, अर्धी तुझ्या जिभेवर."

बाकीचे धोके काही गेलेले नव्हते. जखमेत जंतू शिरू शकतात, सळी मोडू शकते, हाड नीट धरत नाही. डॉक्टरांनी एकेक सांगितलं, काही लपवलं नाही. मुदत बेचाळीस दिवसांची. तोवर हाडाचा चुरा धरायला लागतो, मग सळीला कुलूप लावायचं. ज्या अंशावर कुलूप, तो जन्माचा.

"आणि कुठं थांबायचं?" प्रमोदनं विचारलं.

"पूर्वी ते मी ठरवायची. आता तुम्ही. पुढं सरकायचं तर रोज दोन अंगठे लागतात, एक पालकाचा, एक मुलीचा. कुलपालाही दोन्ही. मागं यायला मात्र एकच पुरे, मुलीचा." डॉक्टर रेश्माकडं वळल्या. "एक लक्षात ठेवा. पंचवीसच्या खाली आलो की फुफ्फुसाला धोका नाही, म्हातारपणी त्रास नाही. त्याच्या खालचे अंश नुसते बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी."

रेश्मानं मान डोलावली. पण बघणाऱ्याच्या डोळ्यांवरच तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. बारा अंशांपर्यंत जाता येईल, असं पट्ट्याच्या पडद्यावर लिहिलेलं तिनं वाचलं आणि तो आकडा तिच्या डोक्यात घर करून बसला.

ऑपरेशन पार पडलं. टेबलावरच बाक चाळीसवर आला, आणि दुसऱ्या दिवसापासून सळी सरकायला लागली. आठवड्याभरात जखम सुकली, स्वरू चालायला लागली, घरी आली. आणि बुगडांच्या घरात रोज सकाळी नवा उद्योग सुरू झाला. स्वरू कुशीवर निजायची, रेश्मा पट्टा बांधायची, पट्ट्यातली बाई गोड आवाजात विचारायची, "काल पायाला मुंग्या, बधिरपणा, जडपणा?" स्वरू म्हणायची, "नाही." मग दोन अंगठे. आत कुठंतरी कुरकुर व्हायचं, आणि पडद्यावर आकडा उतरायचा.

तो आकडा रेश्मा दुकानात कापायच्या टेबलावर खडूनं लिहायची. येणारं-जाणारं गिऱ्हाईक मॅचचा स्कोर विचारावा तसं विचारायचं, "किती झालं, रेश्माताई?"

"अठ्ठावीस!" मग सव्वीस. मग पंचवीसच्या खाली. रेश्माचा चेहरा उजळायचा. दोन वर्षांची चूक ती पाऊण पाऊण अंशानं उसवत होती, आणि उसवलेलं दिसत होतं.

सव्विसाव्या दिवशी स्वरू पट्ट्याला म्हणाली, "हो. काल जरा अंगठा बधिर झालेला. डावा."

सळी दीड अंश मागं गेली. रेश्मा काही बोलली नाही. "बरं झालं सांगितलंस," असंही म्हणाली नाही. त्या दिवशी टेबलावर आकडा लिहिला गेला नाही, आणि दुपारच्या आमटीत मीठ नव्हतं. प्रमोदनं मुकाट्यानं वरून मीठ घेतलं. स्वरू आईच्या तोंडाकडं बघत बसली होती.

त्यानंतर रोज सकाळी उत्तर एकच यायला लागलं. "नाही." रेश्माला वाटलं, चला, बरं झालं, पोर निभावून गेली.

बत्तिसाव्या दिवशी दुपारी रेश्मा आत भाकऱ्या थापत होती. बाहेर दुकानात स्वरू पायमशीनवर पिशव्यांच्या सरळ टिपा मारत बसली होती. बसून पाय हलवायला डॉक्टरांची परवानगी होती, आणि नुसतं बसून पोरगी कंटाळली होती. पायमशीनचा आवाज रेश्मा लग्नाआधीपासून ऐकत आलेली. पाय एका लयीत पडले की तो कसा अखंड चालतो. आज मध्येच तो अडखळत होता. चाललं, चाललं, खट्. पुन्हा चाललं, खट्.

"आई, दोरा तुटतोय गं सारखा!"

पायमशीनवर दोरा सारखा कधी तुटतो? पाय ऐन वेळी कच खातो, चाक उलटं फिरतं, तेव्हा. नव्या शिकाऊ पोरींचं असं होतं. स्वरू सातव्या वर्षापासून मशीनवर बसत होती. रेश्माचा हात परातीतच थांबला. तिला कळलं. आता कबूल करायला हवं की कळलं! खांदा कळला होता तसंच, लख्ख.

ती उठून बाहेर आली, मशीनला दोन थेंब तेल घातलं, चाकाचा पट्टा ओढून बघितला आणि म्हणाली, "पट्टा सैल झालाय जुना. सोड ते, ऊठ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगठा लावला. तिसऱ्या दिवशीही. आकडा साडेसतरावर आला. बारा काही लांब नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही.

पस्तिसाव्या दिवशी संध्याकाळी स्वरू कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर घेऊन आली. रेश्मा दारातच उभी होती. पोर ताठ चालत येत होती, खांदे जवळजवळ एका रेषेत, आणि तिच्याकडं बघून रेश्माचा ऊर भरून आला. मग तिची नजर खाली गेली. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी होता.

"चप्पल कुठाय तुझी?"

"पायात आहे की," स्वरू म्हणाली, आणि खाली बघितलं.

चप्पल मागं तीस-चाळीस पावलांवर रस्त्यात पडली होती. खडीवरून ती अनवाणी चालत आली होती आणि तिला पत्ता नव्हता. दोघी त्या चपलेकडं बघत उभ्या राहिल्या.

"कधीपासून?" रेश्मानं विचारलं.

स्वरूनं ओठ चावला. "मुंग्या लई दिवस आहेत. हे आजच."

"आणि मला सांगितलं नाहीस? यंत्राला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं की एकदा! तू दिवसभर बोलली नाहीस माझ्याशी!" पोर हमसून रडायला लागली. "म्हटलं, बारापर्यंत जाऊ दे. तू खूश हो एकदाची. मग सांगतो."

रेश्मानं आतून पट्टा आणून तिथंच, दारात, स्वरूच्या पाठीला बांधला आणि तिचा अंगठा त्यावर टेकवला. सळी मागं सरकायला लागली. प्रमोदनं गाडी काढली. मिरजेपर्यंत रेश्मानं पोरीचा डावा पाय मांडीवर घेतला होता आणि ती तो सारखा चोळत होती, जणू चोळून उपयोग होणार होता.

डॉ. कित्तूरांनी टाचणीच्या टोकानं पाय तपासला. "इथं टोचतं? इथं? इथं?" घोट्याच्या खाली स्वरू प्रत्येक वेळी "नाही" म्हणाली, आणि या खेपेला ते खरं होतं. पाऊल वर उचल म्हटलं तर चवडा निम्माच उठला. डॉक्टरांनी बाक बावीसपर्यंत मागं घेतला, रक्तदाब थोडा वर ठेवायचं औषध सुरू केलं, म्हणजे मज्जारज्जूला रक्त पुरेसं मिळेल, आणि मग खुर्ची ओढून बसल्या.

"येईल परत?" प्रमोदनं विचारलं.

"बहुतेक येईल. एका झटक्यात गेलेलं नाही, हळूहळू गेलंय, तसंच परतेल. पण खात्री देत नाही. दोन-तीन दिवस बघू. सळीनं रोज सकाळी बरोबर उत्तर दिलं होतं, मी तिची नोंद पाहिली. झोपलेला पाय ठीक होता." त्यांनी स्वरूच्या केसांवरून हात फिरवला. रागावल्या नाहीत. ते रागावणं रेश्माला सोसलं असतं, हे सोसवेना.

"डॉक्टर, तिची चूक नाही," ती म्हणाली. "मला मशीनच्या आवाजावरून तीन दिवसांआधी कळलं होतं. तरी अंगठा लावला. आणि त्याच्याही आधी..."

मग तिनं सगळं सांगितलं. अकरावं वर्ष, अर्धा इंच, पॅड, चुण्या, सगळं. प्रमोद ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो उठून खिडकीपाशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. पुढचे दोन दिवस तो बायकोशी बोलला नाही. चहा आणून द्यायचा, पण बोलायचा नाही.

स्वरूशी रेश्मा दुसऱ्या दिवशी बोलली. पाय अजून तसाच होता. दुपारची वेळ, वॉर्डात शेजारची पोरगी मोबाइलवर खिदळत होती. रेश्मानं पलंगाच्या कडेवर बसून तेच पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, लेकीच्या डोळ्यांत बघून. "मला तेव्हाच दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. पट्ट्यावर भागलं असतं तुझं. माझ्यामुळं तुझी पाठ कापावी लागली."

 स्वरू म्हणाली, "पॅडचं मला माहीत होतं."

"आं?"

"सहावीपासून. शाळेत गेलं की काढून दप्तरात टाकायचो. बाईंना फळा पुसायला बरं पडायचं ते."

रेश्माला हसावं की रडावं कळेना. मग दोन्ही एकदम झालं. शेजारची पोरगी मोबाइल खाली ठेवून बघायला लागली.

"मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते," स्वरू म्हणाली. हसू ओसरल्यावर अगदी साधेपणानं म्हणाली.

"लाज नाही गं." रेश्मानं तिचा हात घट्ट धरला. "भीती. लोक तुला एकदा बघतील, मग पुन्हा वळून बघतील, ती भीती. माझ्या दुकानात येतात ना सगळे, त्यांचं ऐकून ऐकून भरलेली. तुझ्यावर रागावलो होतो का मी? स्वतःवर रागावलो होतो, आणि तोंड तुझ्याकडं होतं."

"मग मला काय कळणार? मी तर तोंडच बघतो तुझं रोज. आकडा कुठं बघतो!"

 ते वाक्य रेश्माच्या डोक्यातून हललं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वरू पलंगावरून उतरली आणि एकदम ओरडली. सगळे धावले. 

"गार आहे!" स्वरू डावा पाय फरशीवर टेकवून उभी होती. "आई, फरशी गार आहे! मुंग्या पण आहेत, पण गार लागतंय!"

प्रमोद खुर्चीत बसून रडला. रडता रडता बायकोला म्हणाला, "डोळे पुसायला काहीतरी दे की, बघत काय बसलीस." बोलणं सुरू झालं ते असं.

एकेचाळिसाव्या दिवसापर्यंत पायात ताकद आली, टाचणी सगळीकडं टोचायला लागली. मुंग्या गेल्या. डॉक्टरांनी तिघांना आपल्या खोलीत बोलावलं.

"उद्या कुलूप लावायचं. बावीसवर आहोत, आणि बावीस उत्तम आहे. एक अंश पुढं जाऊन बघायचं असेल तर आज बघता येईल. मी इथंच आहे, दिवसभर चालवू, बसवू, जरा काही वाटलं की मागं. खांदा थोडा अजून उतरेल. नाही बघितलं तरी काही बिघडत नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

स्वरू आईकडं बघायला लागली. आठवडाभरापूर्वी रेश्माला त्या नजरेत काही दिसलं नसतं. आता स्वच्छ दिसलं. पोरगी तिच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होती. रेश्मानं चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला, पण जन्मात न जमलेली गोष्ट एका दिवसात कुठून जमणार? 'नको' असं वाटलं की ते दिसणार, 'एकच अंश' असं वाटलं की तेही दिसणार. आणि खोटं कशाला बोला, दोन्ही वाटत होतं.

ती उठली. पुढं जायचं ठरलंच तर अडू नये म्हणून तिनं आपला अंगठा पट्ट्यावर टेकवून ठेवला. "मी बाहेर बसतो."

"कुठं जातीस?" स्वरू घाबरली. "आई, तू सांग ना, बघू का नको?"

"पाय तुझा आहे. मुंग्या आल्या तर तुला येणार. तू आणि डॉक्टर बघा." आणि प्रमोदकडं वळून, "तुम्हीपण चला. तुमचंबी थोबाड काही कमी बोलत नाही."

बाहेर बाकावर दोघं बसली. सकाळचे दहा वाजले होते. आतून मध्येच डॉक्टरांचा आवाज यायचा, मध्येच कुणीतरी चालल्यासारखा. अकराच्या सुमारास दार उघडलं आणि स्वरू डॉक्टरांसोबत गच्चीच्या जिन्याकडं गेली. तेव्हा रेश्मानं मुद्दाम समोरच्या भिंतीवरची लसीकरणाची सूचना वाचायला घेतली. तीन वेळा वाचली. प्रमोदनं वडापाव आणला, तो हातातच गार झाला. बारा वाजले, दीड वाजला. दार लोटून आत डोकावावं असं तिला दहा वेळा वाटलं. 

तीन वाजता स्वरू बाहेर आली. चालत आली, दोन्ही चवडे नीट उचलत. चेहरा थकलेला होता, डोळे थोडे लाल, पण मान सरळ.

"झालं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या, कुलूप आजच लावू. माझा अंगठा लावला. आता तुझा पाहिजे."

रेश्मा आत गेली. पट्टा स्वरूच्या पाठीलाच होता, त्याचा पडदा तेवढा काढून टेबलावर ठेवला होता. पडदा तिच्याच बाजूला होता, आकडा मोठ्या अक्षरांत होता. एकेचाळीस दिवस सकाळी उठल्याबरोबर जो आकडा तिनं आधी बघितला होता, तो. तिनं डोळे डॉक्टरांच्या तोंडावर ठेवले, हात पुढं केला आणि चाचपडत अंगठा टेकवला. बारीकसा टक् आवाज झाला.

"झालं कायमचं," डॉक्टर म्हणाल्या.

"आई," स्वरू मागून म्हणाली, "किती ते विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"विचार की!"

"तुला सांगायचं असलं तर सांग."

स्वरू तिच्याकडं बघत राहिली. त्या चेहऱ्यावर काही सापडतं का ते तिनं नीट शोधलं. मग सावकाश सांगायला लागली. "एकवीसवर गेलो होतो. खांदा खरंच उतरला, आरशात बघितला मी. छान दिसत होता. मग जिना चढलो, आणि अंगठ्याला मुंग्या आल्या. अगदी बारीक. डॉक्टरांना दिसल्या नाहीत, सळीलापण कळल्या नाहीत. फक्त मला कळल्या. मी सांगून टाकलं, आणि परत बावीसवर आलो."

रेश्मानं तिला जवळ ओढलं, पाठीला धक्का लागणार नाही अशा बेतानं, आणि तिच्या वरच्या खांद्यावर, जो जन्मभर वरच राहणार होता त्याच्यावर, आपलं कपाळ टेकवलं.

"शाबास," ती म्हणाली. "माझ्यात नव्हती गं एवढी हिंमत."